अर्ध्या ताटाची रेघ

आमच्या वहिनीला शेळ्यांच्या शेडमध्ये सगळे ‘मापाडीण’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पाठ वळली की म्हणायचे. पण नाव चपखल होतं. वहिनीच्या हातात कायम एक पत्र्याचा डबा असायचा आणि त्याच्या आतल्या अंगाला खिळ्याने ओरखडून काढलेल्या तीन रेघा. खालची रेघ भाकड शेळीची, मधली दुभतीची, आणि सगळ्यात वरची, काठाला टेकलेली, गाभण शेळीची. गाभण शेळीचा शेवटचा दीड महिना आला की वहिनी डबा त्या वरच्या रेघेपर्यंत भरायची, वर चिमूटभर क्षारांची पावडर टाकायची, आणि शेळीने तळ चाटून होईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहायची. दुसरी शेळी मधे तोंड घालायला आली तर तिच्या नाकावर टिचकी.

मी त्याच शेडमध्ये खुराक कालवायचो. भरडा, पेंड, कोंडा, मीठ, सगळं मोठ्या घमेल्यात घालून हाताने वरखाली करायचं. त्यामुळे वहिनीचा कारभार मला रोज समोर दिसायचा.

एकदा नवा मुकादम आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि शेळी कुठली नि मेंढी कुठली हे त्याला शेपटी बघून ठरवावं लागायचं. पहिल्याच दिवशी म्हणाला, “सगळ्यांना सारखं माप. भेदभाव नको.”

वहिनीने त्याची बाही धरली आणि त्याला कोपऱ्यातल्या खोक्यापाशी नेलं. आत आदल्या दिवशीचं एक करडू होतं. चौथ्यांदा उठायचा प्रयत्न करून चौथ्यांदा बसलेलं.

“हे बघा साहेब. ह्याची आई बाजारातून आणली तेव्हाच शेवटचा महिना चालू होता. बरगड्या मोजून घ्या अशी होती. आता ह्याला मी बादलीभर दूध पाजते, पण हे कळपाला गाठणार नाही. पोटात असताना जे मिळालं नाही, ते बाहेर आल्यावर पाजून भरून निघत नाही.”

मुकादमाने करडाकडे बघितलं, बाहीकडे बघितलं, आणि म्हणाला, “बरं, तुमचं चालू द्या.” बाहीवर पेंडीचे पाच डाग पडले होते. ते गेले असतील असं मला वाटत नाही.

पोटातलं बाहेर भरून निघत नाही, हे वाक्य वहिनीचंच, तिच्याच तोंडचं, हे तेवढं लक्षात ठेवा.

तर अशी ही बाई. आता तिच्या घरी चला. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. माझी खोली त्याच जिन्याला, एक मजला खाली. दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनी, तिचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझा पुतण्या, आणि त्याची बायको. पुतण्या आमच्याच शेडची दुधाची गाडी चालवायचा. सूनबाई खिडकीपाशी मशीन मांडून शर्टांच्या कॉलर शिवायची. तिला माहेर असं नव्हतंच. तिची आई लहानपणीच गेलेली, एका मावशीने वाढवलेली. त्यामुळे ‘आई’ हा शब्द ती वहिनीला असा म्हणायची की ऐकणाऱ्यालाच कसंतरी व्हावं.

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर सूनबाईला दिवस गेले. वहिनीने मला जिन्यात गाठून सांगितलं. तोंड भरून हसत होती.

“भाऊजी, ह्या खेपेला मी काही चूक होऊ देणार नाही.”

ह्या खेपेला म्हणजे काय, ते मला माहीत होतं. वहिनीचं पहिलं बाळंतपण मी दाराबाहेर बसून ऐकलेलं आहे. मी तेव्हा मिसरूड फुटलेला. नव्या सुनेचे लाड म्हणून आमच्या आईने वहिनीला नऊ महिने खाऊ घातलं होतं. दोन दिवस कळा चालल्या. बाळ अडलं. पहिल्या दिवशी वहिनी ओरडत होती, दुसऱ्या दिवशी ओरडेनाशी झाली, आणि तेव्हा मला जास्त भीती वाटली. मुलगी झाली. गुटगुटीत, काळंभोर जावळ, गालांना खळ्या पडाव्यात अशी. तिने एकदाही श्वास घेतला नाही. सुईण हात धुताना म्हणाली, “पोर फार पोसलं गेलं. दारात मावलं नाही.”

सुईण हात पुसून गेली. ते वाक्य वहिनीच्या डोक्यात बसलं ते कायमचं.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती रोज ताटात वाढून घ्यायची, भाताच्या मधोमध बोटाने रेघ ओढायची आणि रेघेच्या अलीकडचंच खायची. पलीकडचं दादाच्या ताटात. आम्ही किती समजावलं! आईने शिव्या दिल्या, दादाने शपथा घातल्या. वहिनी ऐकायची आणि रेघ ओढायची. आणि बघा, पुतण्या झाला तो दोन तासांत. मांजराच्या पिलाएवढा. रडला मात्र असा, की सबंध चाळीला कळावं. वहिनीने त्याला छातीशी धरलं आणि सगळ्यांकडे अशी बघत राहिली, जणू म्हणत होती, मी सांगत नव्हते?

म्हणून सूनबाईला तिसरा महिना लागला तशी तिच्या ताटातही रेघ आली.

सूनबाईने एकदाही हूं की चूं केलं नाही. उलट थट्टा करायची. मी कधी जेवायला वर गेलो तर म्हणायची, “काका, तुम्ही माझ्या पलीकडे बसा. रेघेपलीकडचा मुलूख तुमचा.” मी हसायचो आणि तो मुलूख खायचो. हो, खायचो.

पुतण्या एकदा कुरकुरला. “आई, दवाखान्यात तर सांगतात, दोन जीवांचं खा.”

“दवाखान्यात त्यांना काय, पोट फाडायला मोकळेच. तू कसा झालास ते मला माहीत आहे. तू जिवंत आहेस ना? मग.”

त्याच्या जिवंत असण्यालाच तिने साक्षीदार केलं होतं. एरवी तो हडकुळा माणूस. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे. तिसाव्या वर्षीच त्याला साखर लागली होती. सकाळी गाडी काढण्याआधी गोळी घ्यायचा, आणि शेडमधली माणसं चिडवायची, “दुधाचा धनी, आणि चहा बिनसाखरेचा!” त्याच्या साखरेचं आणि वहिनीच्या रेघेचं काही नातं असेल, असं आमच्या स्वप्नातही नव्हतं.

सहावा महिना चालू होता. आमच्या शेडमध्ये एक शेळी होती, तिला आम्ही मास्तरीण म्हणायचो. पांढरी दाढी, आणि बघणं असं की आपण गृहपाठ केला नाही असं वाटावं. ती तेव्हा गाभण. एका सकाळी मी तिच्या गव्हाणीत हात घातला आणि बोटांना काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं. काढून बघतो तर लाल गोळी. आणखी चाचपलं. एक पांढरी, चपटी. दोन्ही मी ओळखल्या. दवाखान्यातून सूनबाईला आणून देणारा मीच होतो. लाल रक्ताची, पांढरी हाडांची.

मी वहिनीला पाण्याच्या टाकीमागे बोलावलं. तळहात उघडून दाखवला.

“हे काय?”

“गोळ्या.”

“गोळ्या मलाही दिसतात. शेळीच्या पुढ्यात कशा आल्या?”

“टाकून द्यायच्या? अन्नासारखी वस्तू. मास्तरणीला लागू पडतील.”

“अगं वहिनी, ह्या सूनबाईच्या!”

“तिला नको आहेत. ह्या गोळ्यांनी पोर फुगतं. शेजारणीने घेतल्या, तिचं पोर केवढं झालं बघितलंत ना? पोट कापावं लागलं.”

“शेजारीण उठून भांडतेय रोज जिन्यात, ठणठणीत आहे!”

“आणि उठली नसती तर?” वहिनीने माझा तळहात मिटवला, गोळ्यांसकट. तिची बोटं गार होती. “भाऊजी, तुम्ही दाराबाहेर होता. मी आत होते. मी माझ्या पोरीला हाताने चोळून बघितलं होतं, गरम होईल म्हणून. तुम्ही कुणाला सांगणार नाही. दादांची शपथ.”

मी सांगितलं नाही. महिनाभर गप्प बसलो. मी, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळे म्हणतात, तो नेमका तेव्हा गप्प बसलो.

त्या महिन्यात सूनबाई जिना चढताना दोनदा बसायला लागली. एकदा माझ्या दारासमोरच्या पायरीवर बसली होती, ओठ कागदासारखे पांढरे. म्हणाली, “काका, काही नाही. आत कुणीतरी लाथ मारतं ना, ती हल्ली हळू मारतं. शहाणं झालं बहुतेक.” मी खोलीत आलो आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी वर जाऊन सगळं सांगायचं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी तपासणीची तारीख होती. म्हटलं, तिथेच काय ते होईल.

दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. पुतण्या गाडीवर होता. सिस्टरने सूनबाईला वजनाच्या काट्यावर उभं केलं, कार्डाकडे बघितलं, तिला उतरवलं आणि पुन्हा चढवलं.

“गोळ्या घेता ना?”

“घेते,” सूनबाई जमिनीकडे बघत म्हणाली. वहिनीने सांगून ठेवलं होतं तसंच.

मग सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्म्याची काडी चिकटपट्टीने बांधलेली. कागद समोर ठेवून म्हणाल्या, “बाळ लहान आहे. दिवसांच्या मानाने बरंच लहान.”

आणि वहिनीने हुश्श केलं. माझ्या कानांनी ऐकलं. दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, “फार बरं झालं, बाई. जिवात जीव आला.”

डॉक्टरीणबाईंना वाटलं, ह्यांना ऐकू कमी येतं. त्यांनी मोठ्याने सांगितलं, “मावशी, लहान आहे. वाढत नाहीये.”

“हो हो, कळलं. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं.”

मग मी बोललो. वहिनीचं पहिलं बाळंतपण सांगितलं, रेघ सांगितली, गोळ्या सांगितल्या, मास्तरीण सांगितली. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. असं बघणं मला आयुष्यात पुन्हा कुणाचं नको.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, वहिनी भांडली असती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, “तुमचं पहिलं बाळ अडलं, म्हणून ना?”

वहिनीने मान हलवली.

“मावशी, बाळ अडायला कारणं खूप असतात. ते आडवंतिडवं असतं, आईचं हाड अरुंद असतं. उपाशी राहून वाट रुंद होत नाही. आणि आता अडलंच तर आम्ही आहोत. पण आतलं बाळ काय करतं, सांगू? आईकडून काय येतं त्यावरून ते जगाचा अंदाज बांधतं. कमी आलं तर समजतं, बाहेर दुष्काळ आहे. मग ते काटकसरीचं शरीर बांधतं. मेंदू वाचवतं आणि बाकीच्यात कसर करतं. पुढे बाहेर आल्यावर भरपूर मिळालं, की त्या काटकसरी शरीराला ते झेपत नाही. मोठेपणी साखर होते, रक्तदाब होतो. प्रत्येकाला होतं असं नाही. पण अशांना जास्त होतं.” मग कागद ओढत त्यांनी सहज विचारलं, “घरात साखर कुणाला आहे?”

“माझ्या मुलाला,” वहिनी म्हणाली.

“वय?”

“चौतीस. तिसाव्या वर्षी लागली.”

“जन्माच्या वेळी वजन किती होतं त्याचं?”

वहिनीचं तोंड उघडलं. चौतीस वर्षं ती ज्या अभिमानाने सांगत आली होती, ते उत्तर तोंडाशी आलं होतं. मांजराच्या पिलाएवढा. पण शब्द बाहेर आला नाही.

डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं. त्या घाईघाईने म्हणाल्या, “मावशी, एकट्या माणसाबद्दल असं ठामपणे कुणी सांगू शकत नाही. साखरेला शंभर कारणं असतात.” पण वहिनीने पुढचं ऐकलंच नाही. ती मापं घेणारी बाई. तिचं माप घेऊन झालं होतं.

घरी आल्या आल्या ती तिसऱ्या मजल्यावर चढली, हात धुतले, आणि भरभरून ताट वाढलं. भात, डाळ, भाजी, दोन अंडी, वाटीभर दूध. सूनबाईपुढे ठेवलं.

“खा.”

सूनबाईने जमेल तेवढं खाल्लं आणि मोरीकडे धावली. सगळं बाहेर पडलं. पाच महिने अर्ध्यावर राहिलेलं पोट, ते एका दुपारी कसं पसरणार?

तिथून पुढचे पाच आठवडे मी वहिनीला धावतानाच बघितलं. दर दोन तासांनी दोन-दोन घास द्या, असं सिस्टरने सांगितलं होतं. वहिनी शेडमधून दोन तासांनी निघायची, तीन मजले चढायची, अंडं सोलून भरवायची, लाल गोळी स्वतःच्या हाताने जिभेवर ठेवायची, तोंड उघडायला लावून बघायची, आणि पुन्हा शेडमध्ये. मुकादम आडवा आला नाही. त्याला ते खोक्यातलं करडू आठवत असावं.

सूनबाई म्हणायची, “आई, पांढरी गोळी राहिली, की ती मास्तरणीची?” तिचं हे एवढंच. ना राग, ना टोमणा. वहिनी त्यावर हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुतण्याला तिने स्वतःच सांगितलं. त्याच्यासमोर खाली बसून. “तुझी साखर माझ्यामुळे असेल. मी तुला आत असताना उपाशी ठेवलं.” तो गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला. मग म्हणाला, “आई, मी जिवंत आहे ना? मग.” तिचंच वाक्य तिला परत दिलं, चांगल्या मनाने दिलं. पण ती उठली ती भिंत धरून.

मास्तरीण त्याच सुमाराला व्याली. जुळी. दोन्ही करडं तासाभरात उड्या मारायला लागली. शेडमध्ये सगळे बघायला जमले. वहिनी आली, एक करडू उचललं, हातावर तोललं. नुसतं तोलून तिला वजन कळायचं. मग हळूच खाली ठेवलं.

“भाऊजी,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “शेळी सगळा काळ अर्ध्यावर ठेवली, आणि शेवटचा थोडा काळ वरच्या रेघेपर्यंत दिलं, तर करडू कसं होतं?”

“बरं होतं,” मी म्हणालो.

“किती बरं?”

“बरंच बरं.”

“मला फसवता?” ती म्हणाली. “ह्या शेडमध्ये माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत आहे?”

आणि डबा घेऊन पुढच्या कप्प्यात गेली.

दिवस भरायच्या महिनाभर आधी, दुपारी, मशीनवर बसल्या बसल्या सूनबाईला कळा आल्या. आम्ही पुतण्याच्या दुधाच्या गाडीतूनच तिला नेलं. रिकाम्या कॅन मागे खडखडत होत्या. वहिनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि सारखं एकच बोलत होती, “थांब गं, अजून थोडं थांब. अजून चार आठवडे थांब.” सूनबाईला म्हणत होती की आतलीला, कोण जाणे.

थांबायला आता कोण तयार होतं? तासाभरात मुलगी झाली. सहज झाली, अगदी वहिनीने योजलं होतं तशी. वजन एक किलो आठशे ग्रॅम. सिस्टरने तिला गुंडाळून नेलं आणि काचेच्या उबदार पेटीत ठेवलं. काचेतून आम्ही बघितलं. कातडीला घड्या, मांड्या माझ्या अंगठ्याएवढ्या, डोळे मात्र टक्क उघडे.

“लहान राहिली ती थोडी लवकर आली म्हणून, आणि थोडी आत वाढली नाही म्हणून,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “श्वास चांगला आहे. पण आता घाई करायची नाही. भराभरा गुबगुबीत करायच्या मागे लागू नका, तेही अशा बाळाला सोसत नाही. आईचं दूध, आणि रोजचं वजन. तेवढंच. आणि आईने पोटभर खायचं.”

“म्हणजे भरून निघेल?” वहिनीने विचारलं.

“आपण प्रयत्न करू, मावशी.”

वहिनीने मान हलवली. मुकादमाची बाही धरून तिनेच पूर्वी जे सांगितलं होतं, त्याहून वेगळं कुणीतरी सांगावं म्हणून ती त्या बाईच्या तोंडाकडे बघत होती. बाई पुढच्या खाटेकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात जेवण आलं. कप्प्याकप्प्यांचं स्टीलचं ताट. भात, डाळ, भाजी, उकडलेलं अंडं. वहिनीने सूनबाईला टेकून बसवलं, पाठीला उशी दिली, ताट मांडीवर ठेवलं. पुतण्या पेटीपाशी गेला होता, मी खाटेच्या पायाशी उभा.

सूनबाई दमलेली होती. डोळे अर्धे मिटलेले. तिने उजवा हात पुढे केला आणि घास घेण्याआधी, ध्यानीमनी नसताना, बोटाने भाताच्या मधोमध रेघ ओढली.

वहिनीने बघितलं. मी बघितलं. सूनबाईला कळलंही नाही. ती अलीकडचा भात खाऊ लागली.

वहिनी वाकली. आपल्या हाताने तो भात एकत्र केला, रेघ मोडली, डाळ ओतून कालवला. “सगळं तुझं आहे, पोरी,” ती म्हणाली. “तिला दूध हवं ना. सगळं खा.”

“हो आई,” सूनबाई म्हणाली, आणि एकेक घास खात राहिली. कालवलेल्या भातात आता रेघ कुठे होती? काहीच खूण नव्हती. तरी बरोबर अर्ध्यावर आली आणि तिचा हात थांबला.

“पुरे, आई. पोट भरलं.”

“अजून एक.”

“नाही जात.”

“एकच गं. एवढासा.” वहिनीने चिमणीएवढा घास केला आणि तिच्या ओठांशी धरला. सूनबाईने तोंड उघडायचा प्रयत्न केला. खरंच केला. ओठ उघडले, घशाशी आवंढा आला, आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिने आज्ञा मोडायचं कधी शिकूनच घेतलं नव्हतं, आणि आता दोन आज्ञा एकमेकींना भिडल्या होत्या, तर तिच्या पोटाने जुनी धरली.

“राहू दे वहिनी,” मी म्हणालो. “तासाभराने दे.”

“तासाभराने,” वहिनी म्हणाली. पण हात तिने मागे घेतला नाही. घास तसाच बोटांत धरून, सुनेच्या तोंडासमोर, ती बसून राहिली. पलीकडच्या खोलीतून सिस्टर सांगत आली, बाळाचं वजन कालच्यापेक्षा चाळीस ग्रॅम कमी, पहिले दिवस कमी होतंच, घाबरू नका. वहिनीने ते ऐकलं. तिच्या बोटांतली शितं एकेक करून चादरीवर पडत होती, आणि ती दुसऱ्या हाताने वेचून ती पुन्हा ताटात ठेवत होती.